लसूण-मिरचीचा अर्क फवारूनही मावा का जात नाही?

स्वयंपाकघरातल्या साली-देठांपासून कीडनाशक अर्क करायला शिकवणाऱ्या प्रत्येकाला एक तक्रार हमखास ऐकावी लागते. प्रशिक्षण झालं, गटातल्या बायकांनी हौसेने साली साठवल्या, अर्क झाला, पहिल्या फवारणीत चवळीवरचा मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) गेलासुद्धा. काही दिवसांनी पुन्हा मावा आला, पुन्हा अर्क केला, फवारला, आणि या वेळी मावा जागचा हलला नाही. मग गावात दोन मतं होतात. काही जण म्हणतात, हे सगळं थोतांड आहे, दुकानातलं औषध आणा. काही जण म्हणतात, नैसर्गिक आहे, वेळ लागतो, मारत राहा. बिघाड नेमका कुठे आहे, हे मात्र दोघांपैकी कुणीच शोधत नाही.

तो शोधता येतो, आणि बहुतेक वेळा बांधावर उभं राहूनच सापडतो. घरच्या अर्काला ठरलेली ताकद नसते. दुकानातल्या बाटलीवर टक्केवारी छापलेली असते, आपल्या बादलीवर ती नसते. आज बादलीत गेलेला कचरा आणि महिन्यानंतरचा कचरा एकसारखा नसतो. म्हणून प्रशिक्षणात कृती शिकवण्याइतकंच, खरं तर त्याच्याही आधी, दर वेळचा अर्क तपासून घ्यायला शिकवलं पाहिजे. ती तपासणी कशी करायची ते पुढे येईलच. त्याआधी तक्रार खरी आहे का, ते पाहू.

मावा खरंच जिवंत आहे का?

फवारणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेतात जा, पान उलटं करा आणि भिंगातून बघा. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा आणि मोठा करून पाहा. पानाच्या मागे पांढरट, कोरड्या, कागदासारख्या बारीक टरफलांचा सडा दिसला तर ती माव्याची टाकलेली कात आहे. मावा वाढताना चार वेळा कात टाकतो आणि ती पानाला चिकटून राहते. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, कीड तशीच आहे, उलट पांढरी पडून वाढली. काडीने हलकेच ढकला. जिवंत मावा पाय हलवतो. मेलेला चुरगळलेला आणि तपकिरी-काळपट दिसतो.

त्यातच काही मावे फुगलेले, गोल, सोनेरी-तपकिरी आणि चकाकणारे दिसतील. ते नीट पाहा. एका बारीक गांधीलमाशीने त्यांच्या पोटात अंडी घातलेली असतात आणि आतली अळी माव्याला खात असते. काहींच्या पाठीवर गोल भोक दिसेल. तिथून नवी माशी बाहेर पडलेली असते. असे मावे बऱ्यापैकी दिसत असतील, शेजारी मावा खाणाऱ्या ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) काळ्या-नारिंगी अळ्या फिरत असतील, तर फवारणी थांबवा. साबण घातलेला अर्क या अळ्यांनाही सोडत नाही. काम चालू असलेल्या मित्रकिडी मारल्या की पंधरवड्यात मावा दुप्पट दिसतो आणि दोष अर्काला लागतो.

मिरचीच्या बाबतीत आणखी एक गैरसमज सर्रास आढळतो. बोकड्या आलेल्या, म्हणजे पानं आखडून वाकडी झालेल्या झाडावर अर्क मारून लोक पान सरळ व्हायची वाट बघतात. एकदा वाकडं झालेलं पान कीड मेली तरी सरळ होत नाही. नवीन फुटलेलं पान कसं येतंय, त्यावर निकाल ठरवा. पान कुठल्या बाजूला वळलंय तेही बघा. कडा वर वळून द्रोण झाला असेल तर बहुधा फुलकिडे, खाली वळून पान लांबट झालं असेल तर कोळी. पांढऱ्या माशीने पसरवलेला पर्णगुच्छाचा विषाणू असेल तर जगातला कुठलाही अर्क ते झाड बरं करत नाही. ते उपटून शेताबाहेर नेऊन नष्ट करायचं.

कीड अर्काच्या आवाक्यातली आहे का?

लसूण-मिरची-साबणाचा अर्क स्पर्शाने आणि वासाने काम करतो. तो पिकात शिरत नाही. अंगावर पडला तरच उपयोग, तोही मऊ अंगाच्या किडींवर: मावा, तुडतुडे, पांढऱ्या माशीची पिल्लं, फुलकिडे, कोळी आणि पिठ्या ढेकणाची लहान पिल्लं. मोठ्या पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचा थर असतो, तिथे अर्क ओघळून जातो.

वांग्याच्या शेंड्यात शिरलेली अळी, कपाशीच्या बोंडातली गुलाबी अळी, पानाच्या दोन पदरांमध्ये नागमोडी फिरणारी नागअळी, जमिनीतली हुमणी, मक्याच्या पोंग्यात खोल बसलेली लष्करी अळी. यांच्यापर्यंत फवारा पोचतच नाही. २०१८ मध्ये लष्करी अळी महाराष्ट्रात आली तेव्हापासून तिच्यावरच्या घरगुती नुस्ख्यांना अंत राहिलेला नाही. पण पोंग्यात विष्ठेचा भुसा भरून त्याखाली बसलेल्या मोठ्या अळीला वरून मारलेला लसणाचा फवारा लागत नाही. वांग्याचे सुकलेले शेंडे अळीसकट खुडून नष्ट करणं आणि कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगाला ओढणारे) लावणं हेच तिथे उपयोगी. काकडी-कारल्यावरच्या फळमाशीला क्यूल्यूरचे, म्हणजे नर माशीला ओढणाऱ्या गंधाचे सापळे. प्रशिक्षणात हे पहिल्याच तासाला सांगून टाकावं. नाहीतर शेतकरी घरी जाऊन पहिला प्रयोग बोंडअळीवर करतो आणि अर्कावरचा विश्वास तिथेच संपतो.

बादलीत नेमकं काय गेलं?

निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ मला इथे सापडतं. एका गटात झालेलं बोलणं सांगते.

"ताई, भांडं तेच, पंप तोच, माणसं तीच. मग या खेपेला का नाही गेला मावा?"

"मामा, मागच्या वेळी लसूण किती घातला होता?"

"तेव्हा घरचा निवडून उरलेला होता, बारीक कुड्या, मोड आलेल्या. तशाच ठेचल्या."

"आणि या वेळी?"

"या वेळी महाग आहे लसूण. साली टाकल्या, पाटीभर."

एवढ्यातच उत्तर आलं. लसणाचा उग्रपणा कुडीत असतो, वरच्या कागदी सालीत तो नसल्यात जमा. आणि कुडीतही तो आयता नसतो. कुडी ठेचली की आतले दोन घटक एकत्र येतात आणि तेव्हा तो झोंबणारा पदार्थ, ॲलिसिन, तयार होतो. म्हणून कुड्या अख्ख्या उकळल्या तर काही हाती लागत नाही, कारण उष्णतेने तो बनवणारं विकरच (एन्झाइम) मरतं. आधी बारीक ठेचा, पंधरा मिनिटं तसंच ठेवा, मग पाण्यात घाला, आणि उकळू नका. ॲलिसिन टिकतही नाही. लसणाचा अर्क केला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावा. महिनाभर कॅनमध्ये ठेवलेल्या अर्काला वास भरपूर येतो, पण तो सडल्याचा असतो. वास आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गटात मुद्दाम दाखवावं लागतं. ताज्या ठेच्याचा आणि महिनाभर जुन्या अर्काचा वास शेजारी शेजारी द्या, डोळ्यांत पाणी कशाने येतं ते लोकच सांगतात.

मिरचीचंही तसंच. देठात तिखटपणा फारसा नाही. तो आतल्या पांढऱ्या शिरेत, जिथे बिया चिकटलेल्या असतात तिथे असतो. हॉटेलातून आणलेली देठांची पिशवी अर्काला बिनकामाची. डागाळलेल्या, सुरकुतलेल्या पण तिखट जातीच्या मिरच्या मात्र चालतात. भजीची किंवा ढोबळी मिरची चालत नाही. दुसरी अडचण अशी की मिरचीतलं तिखट, कॅप्सायसिन, पाण्यात जवळपास विरघळत नाही. ते तेलात उतरतं. फोडणीत मिरची टाकल्यावर तेल तिखट होतं, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. नुसत्या पाण्यात वाटलेली मिरची गाळली तर तिखट चोथ्यातच राहतं आणि तो चोथा आपण फेकून देतो.

संत्र्या-मोसंबीच्या सालीत लिमोनीन नावाचं तेल असतं आणि ते मऊ किडीवर खरंच चालतं. ताजी साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दाबा, बारीक ठिणग्या उडतात. तेच ते तेल. उन्हात वाळवलेल्या सालीवर हा प्रयोग करा, काही उडत नाही, कारण तेल उडून गेलेलं असतं. त्यामुळे साली वाळवून साठवायची पद्धत या कामासाठी चुकीची. रसाच्या दुकानातून साली आणायच्या असतील तर त्याच दिवशीच्या आणा, बारीक कापा, गरम पाणी ओता, घट्ट झाकण लावून रात्रभर ठेवा. उघड्या भांड्यात उकळलं तर सगळं तेल वाफेबरोबर जातं. घरात सुंदर वास दरवळतो आणि बादलीत काही उरत नाही.

कांद्याच्या साली, कोथिंबिरीच्या काड्या, बटाट्याच्या साली, चहाचा चोथा यांच्याबद्दल स्पष्ट सांगते. कीड मारण्याच्या कामी या गोष्टींवर विसंबू नका. त्यांचं चांगलं खत होतं, गांडूळखतात घाला. "स्वयंपाकघरातला सगळा कचरा औषधी" असं सांगितलं की लोक उरलेली भाजी आणि लोणच्याच्या बरणीचा तळही त्यात टाकतात, आणि मग मिठाने पानं करपतात. घराघरातून काय घ्यायचं आणि काय नाही, हे बादली ठेवण्याआधीच ठरवून द्या: कच्चं, बिनमिठाचं, न शिजलेलं.

सुरुवातीला मी हे प्रमाण देते. दहा लिटर फवाऱ्यासाठी शंभर ग्रॅम लसणाच्या कुड्या (टाकाऊ, मोड आलेल्या, बारीक चालतील, कुजलेल्या नकोत) आणि शंभर ग्रॅम तिखट मिरची, वजन करून. मिरची ठेचून तीस मिली खाद्यतेलात रात्रभर भिजवायची. लसूण सकाळी ठेचायचा. दोन्ही एक लिटर पाण्यात कालवून सुती कापडातून पिळून घ्यायचं, त्यात साबणाचं पाणी घालून घुसळायचं आणि मग दहा लिटर करायचं. "मूठभर" आणि "ओंजळभर" ही मापं शिकवताना वापरू नका. किराणा दुकानातला काटा कुठल्याही गावात मिळतो.

साबण आणि बोअरचं पाणी

अर्क पाण्यात मिसळतो कशामुळे आणि पानाला चिकटतो कशामुळे? साबणामुळे. खरं तर मऊ किडीवरचं अर्धं काम साबणच करतो. तो तिच्या अंगावरचा मेणासारखा थर मोडतो आणि ती कोरडी पडून मरते. म्हणजे साबण नासला की अर्क नासला.

आणि साबण नासवणारी गोष्ट आपल्या बोअरमध्ये आहे. दख्खनच्या काळ्या खडकातलं, विशेषतः उन्हाळ्यात खोल गेलेलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्यातला चुना साबणाला पकडतो आणि दह्यासारखी साय धरते. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, हंड्याला पांढरा थर बसतो, केस धुतले की चिकट राहतात, ते पाणी अर्काला चालत नाही. बादलीत वर पांढरे कण तरंगतात, तेल वेगळं होऊन तवंग धरतं, पंपात पहिल्यांदा नुसतं पाणी येतं आणि शेवटच्या दोन-तीन लिटरमध्ये सगळं तेल. ज्या ओळींवर तो शेवटचा फवारा पडतो तिथली पानं करपतात आणि आधीच्या ओळींवर मावा तसाच राहतो. एकाच शेतात "काही झालं नाही" आणि "पीक जळालं" या दोन्ही तक्रारी एकाच वेळी आल्या तर पाणी तपासा. कारण बहुधा तेच.

तपासायला पाण्याची पारदर्शक बाटली घ्या. अर्धी पाण्याने भरा, अंगाच्या साबणाच्या वडीचा चिमूटभर कीस टाका, जोरात हलवा, पाच मिनिटं ठेवा. फेस टिकला आणि खालचं पाणी स्वच्छ राहिलं तर पाणी चांगलं. फेस बसला आणि कण तरंगले तर ते पाणी फवाऱ्याला घेऊ नका. पावसाळ्यात पत्र्यावरून पडणारं पाणी पिंपात धरा, त्याच्याइतकं चांगलं पाणी नाही. ते नसेल तर साबणाऐवजी रिठे वापरा. मूठभर रिठे फोडून बिया काढायच्या, साल रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवायची, सकाळी चोळून गाळायचं. (इथे मूठ चालते, कारण फेस डोळ्यांना दिसतो. फेस येईपर्यंत वाढवत जा.) रिठ्याच्या फेसावर जड पाण्याचा तसा परिणाम होत नाही.

कपडे धुण्याची पावडर मात्र घालू नका. ती तीव्र अल्कलीधर्मी असते, कोवळं पान भाजते.

तीन ओळींची परीक्षा

मी सांगितलेल्या सगळ्यापैकी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

सगळ्या शेतावर फवारण्याआधी तीन छोट्या ओळी निवडा, प्रत्येकी आठ-दहा झाडांच्या. मावा तिन्हीकडे साधारण सारखा असावा. प्रत्येक ओळीत पाच पानांच्या देठांना रंगीत दोरा बांधा आणि त्या पानांमागचे मावे मोजून वहीत लिहा. अगदी शेकड्यांनी असतील तर "थोडे, अर्धं पान, पूर्ण पान" एवढं लिहिलं तरी चालेल. मग पहिल्या ओळीवर नुसतं पाणी, दुसऱ्या ओळीवर नुसतं साबणाचं पाणी, तिसऱ्या ओळीवर पूर्ण अर्क. पंप तोच, दाब तोच. दोन दिवसांनी तीच पानं पुन्हा बघा.

नुसत्या पाण्याच्या ओळीवरही मावा बराच कमी झालेला दिसतो, आणि लोक चकित होतात. जोरदार फवाऱ्याने मावा झाडावरून खाली पडतो आणि पडलेल्यांपैकी बरेच परत वर चढू शकत नाहीत. पहिल्या वेळी "अर्काने" गेलेला मावा कधी कधी पंपाच्या दाबाने गेलेला असतो. दुसऱ्या वेळी बॅटरी उतरलेली असते, फवारा मंद येतो आणि मावा राहतो. दुसरी आणि तिसरी ओळ सारखीच स्वच्छ झाली असेल तर तुमचं काम साबणाने केलंय. मग लसूण-मिरचीचा खर्च आणि कष्ट वाचवा, साबणाचं पाणीच वापरा. तिसरी ओळ स्पष्टपणे उजवी असेल तरच तो अर्क बिनधास्त शेतभर फवारा. आणि तिसऱ्या ओळीतली पानं करपली असतील तर दहा झाडांवरच निभावलं, एकर वाचला.

प्रशिक्षणाला तयार अर्क घेऊन जाण्यापेक्षा या तीन ओळींपुढे गट उभा करा. ज्याने स्वतः मोजलं, त्याला दुसऱ्याने पटवून द्यावं लागत नाही. पुढच्या खेपेला अर्क चालला नाही तर तो शिव्या देत नाही, वही काढतो.

फवारताना

मावा, पांढरी माशी, कोळी सगळे पानाच्या मागे असतात आणि आपण वरून फवारतो. फवारणीची नळी खाली नेऊन नोझल वर वळवा. झाडाच्या बुडाशी ब्लॉटिंग पेपर किंवा जुन्या वहीचं कोरं पान उलटं बांधून फवारा. कागद ओला झाला तर मागची बाजू भिजली.

संध्याकाळी फवारा, ऊन उतरल्यावर. दुपारच्या उन्हात थेंब लगेच वाळतो, आणि साबण ओला असेपर्यंतच किडीवर चालतो. अर्काबरोबर निंबोळी घेत असाल तर संध्याकाळ आणखी महत्त्वाची, कारण निंबोळीतलं अझाडिरेक्टिन उन्हात लवकर निकामी होतं. जाता जाता: अळ्यांसाठी आणि अंडी घालू न देण्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, हा लसणाच्या अर्कापेक्षा जास्त भरवशाचा आहे. जून-जुलैत झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवून ठेवा. दोन वर्षं पडून राहिलेल्या निंबोळीत मात्र फार काही उरत नाही.

एका फवारणीत मावा संपत नाही. माव्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लांना जन्म देतात आणि ती पिल्लं साधारण आठवड्यात स्वतः प्रसवायला लागतात. पहिल्या फवाऱ्यातून वाचलेल्या थोड्यांपासून दहा दिवसांत पुन्हा पान भरतं. म्हणून दुसरी फवारणी चार-पाच दिवसांनी ठरलेली असावी, मावा दिसण्याची वाट बघू नका. मध्ये पाऊस आला तर अर्क धुऊन गेला असं समजा. शेतात मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली तर तिचाही बंदोबस्त करा. माव्याचा गोड चिकटा खाण्यासाठी मुंग्या त्याला राखतात, ढालकिड्यांना हाकलतात.

नोझल सारखं चोंदत असेल तर चोथा पिळताना हात सैल सोडा. फार जोर लावला की बारीक गर कापडातून उतरतो. एकदा सुती धोतराच्या, एकदा नायलॉन साडीच्या तुकड्यातून गाळा. चोंदलेलं नोझल तोंडाने फुंकू नका. मिरची आहे ती.

आंबवलेलं द्रावण

हल्ली गूळ, साली आणि पाणी एकास तीन, तीनास दहा अशा प्रमाणात तीन महिने आंबवलेलं जैवविकर (बायोएन्झाइम) बरेच जण कीडनाशक म्हणून फवारतात. ते मुळात व्हिनेगरसारखं आंबट द्रावण असतं. फरशी-भांडी धुवायला छान. किडीवर त्याचा भरवसा धरता येत नाही, आणि कमी पाण्यात मारलं तर काकडी, कारलं, दोडका यांची कोवळी पानं हमखास करपतात. त्यातला उरलेला गोडवा मुंग्यांना बोलावतो. बाटलीचं बूच घट्ट लावलं तर आतला वायू बाटली फोडतो, हा अपघात घरोघरी झालेला आहे. आणि मेथी-कोथिंबिरीसारख्या, कच्च्या किंवा अर्धवट शिजवून खायच्या पालेभाज्यांवर आंबलेला कचरा काढणीच्या तोंडावर कधीही फवारू नका.

कशात काय मिसळू नये

लसूण बुरशीलाही मारतो. ट्रायकोडर्मा, बिव्हेरिया, मेटारायझियम या उपयोगी बुरशीच आहेत. त्यांच्या फवाऱ्यात लसणाचा अर्क मिसळला तर दोन्हींचे पैसे पाण्यात. त्यांच्यात आठवड्याभराचं अंतर ठेवा. बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) किंवा गंधक मारलेल्या पिकावर तेलाचा अर्क लगेच नको, पान भाजतं.

गटात कुणीतरी हमखास तंबाखू, धोत्रा किंवा कण्हेर आणून टाकतं, "जोर यावा म्हणून". तंबाखूतलं निकोटीन कातडीतून अंगात जातं, कण्हेर थेट हृदयावर परिणाम करते. शिवाय तंबाखूतून मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीवर जाऊ शकतो. या वनस्पती स्वयंपाकघरातल्या भांड्यात, मिक्सरमध्ये तर कधीच नकोत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना शेतकऱ्यांना आणि मजुरांना झालेली विषबाधा आठवली की घरचा अर्क जवळचा वाटतो, ते समजतं. पण घरचा आहे म्हणून उघड्या तोंडाने फवारायचा नाही. मिरचीचा तुषार डोळ्यांत आणि छातीत जातो, दम्याच्या माणसाला तो भारी पडतो. तोंडाला फडकं, डोळ्यांना चष्मा, हातमोजे, वाऱ्याच्या दिशेने फवारणी. उरलेला अर्क पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरू नका, घरात लहान मुलं असतात.

बचत गटांनी हा अर्क बाटलीत भरून विकायचा विचार केला असेल तर आधी थांबा. कीटकनाशक म्हणून कुठलीही वस्तू विकायला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते, ती वनस्पतीजन्य असली तरी. स्वतःच्या शेतासाठी करायला हरकत नाही. आणि तसाही हा अर्क टिकत नाही, तेव्हा बाटलीत भरण्यात अर्थ नाही. विकायचंच असेल तर गटाने वाळवलेली निंबोळी विका, रिठे फोडून विका. दोन्ही टिकतात, आणि पावसाळ्यात अख्ख्या गावाला लागतात.